निम्म्या कार्डांवर खोडलेला पत्ता

नमस्कार बाई,
मी फोंडा तालुक्यातली. गोवा विद्यापीठातून अर्थशास्त्रात एम.ए. करून तीन वर्षं झाली. सध्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात कंत्राटी डेटा एन्ट्रीचं काम करते. लोकसंख्या आणि आरोग्य या विषयात संशोधन करावं असं मनापासून वाटतं, पण आमच्याकडे यातलं कुणाला विचारावं तेच कळत नाही. परिषदा, कार्यशाळा, फेलोशिप यांच्या जाहिराती फोनवर येतात, पण मी बघते तेव्हा तारीख उलटून गेलेली असते. गेल्या आठवड्यात एका आंतरराष्ट्रीय परिषदेला सारांश पाठवला. तिसऱ्याच दिवशी निवड झाल्याचं पत्र आलं आणि आठवड्याच्या आत अडीचशे डॉलर भरा म्हणाले. बाबा म्हणतात, "कागद वाचायला एवढे पैसे? त्यापेक्षा बँकेच्या परीक्षेला बस." केंद्रात रोज काहीतरी नवं दिसतं. लसीकरणाच्या दिवशी तर निम्म्या कार्डांवर जुना पत्ता खोडून नवा लिहिलेला असतो. पण त्यात संशोधन करण्यासारखं काय आहे? मी २६ वर्षांची आहे. उशीर झाला का? आणि पैसे भरू का?
— फोंड्याची एक वाचक

प्रिय मुली,

पैसे भरू नकोस. मुदत आठवड्याची आहे म्हणून हे आधी सांगते, बाकीचं सावकाश.

तीन दिवसांत निवड कशी होईल? खऱ्या परिषदेत तुझा सारांश त्या विषयातली दोन-तीन माणसं वाचतात, गुण देतात, मग कोणत्या सत्रात बसतो ते ठरतं. त्याला आठवडे लागतात, कधी महिने. मीही एकदा अशीच फसले होते. नोकरीला लागून दोनच वर्षं झाली होती. एका परिषदेचं छान छापील निमंत्रण आलं, मी बचतीतून पैसे भरले आणि रात्रभर प्रवास करून गेले. हॉटेलच्या हॉलमध्ये आम्ही अकराजण. एकजण सिमेंटवर बोलला, एकजण दुधाच्या भेसळीवर, मी बालमृत्यूवर. कुणी कुणाला एक प्रश्न विचारला नाही. दुपारी प्रमाणपत्र हातात देऊन सगळ्यांना मोकळं केलं. परतताना गाडीत मला रडू आलं होतं. गेलेल्या पैशांपेक्षा दोन वर्षांचं काम कुणी ऐकलंच नाही, हे जास्त लागलं. तुझ्या पत्रातली घाई वाचली तेव्हा तोच हॉल डोळ्यांसमोर आला.

नोंदणी शुल्क खऱ्या परिषदेतही असतं, त्यामुळे पैसे मागितले म्हणजे खोटीच असं समजू नकोस. बोलावणारं कोण ते बघ. विद्यापीठ, संस्था किंवा जुनी संघटना आहे का? मागच्या परिषदेचा कार्यक्रम, कोण कोणत्या विषयावर बोललं, हे कुठे वाचायला मिळतं का? विद्यार्थ्यांना सवलत आहे का? आणि एकाच छपराखाली वैद्यक, अभियांत्रिकी, व्यवस्थापन, साहित्य असं सगळं जमवलं असेल तर तिकडे फिरकूच नकोस.

आता तुझ्या पत्रातल्या सर्वांत मोलाच्या ओळीकडे येते. ती तू जाता जाता लिहिलीस आणि वर विचारलंस, त्यात काय आहे. अगं, जे आहे ते त्यातच आहे.

ते कार्ड माझ्या डोळ्यांपुढे आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेलं, घड्यांवर फाटलेलं. पहिले शिक्के कन्नडमधले, पुढचे आपल्या केंद्राचे. बागलकोटकडचा पत्ता खोडून त्याखाली कुणा ठेकेदाराच्या खोल्यांचा पत्ता, तोही खोडून तिसरा. आई रांगेत उभी, लक्ष सगळं कामावर परत जायच्या वेळेकडे. पेंटाव्हॅलंट, म्हणजे पाच रोगांवरची एकत्र लस, तिचे डोस ६, १० आणि १४ आठवड्यांना असतात. गोवर-रुबेलाचा पहिला ९ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. म्हणजे यातल्या पहिल्या आणि शेवटच्या शिक्क्यात जवळजवळ दीड वर्षाचं अंतर. बांधकामावरचं किंवा औद्योगिक वसाहतीतलं कुटुंब दीड वर्षात किती खोल्या बदलतं, ते तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

मग ते मूल दुसऱ्या डोसाला आलं नाही की तुमच्या नोंदीत काय पडतं? 'आलं नाही.' ते लसीविना राहिलं, की बेळगावला जाऊन तिथे घेतलं, की चार किलोमीटरवरच्या दुसऱ्या केंद्रात गेलं? तिन्हींची नोंद एकच. आणि दुसरीकडून आलेलं, अर्धे डोस झालेलं मूल तुमच्या केंद्रात अचानक उगवतं, तेव्हा ते कोणत्या यादीत धरायचं? छेद कुठला आणि अंश कुठला? लोकसंख्याशास्त्राचा निम्मा अभ्यास या एका प्रश्नात मावतो. परिषदेत बसलेली मोठी माणसंही यावरच डोकं खाजवत असतात. फरक एवढाच, की त्यांच्यासमोर तक्ता असतो आणि तुझ्यासमोर कार्ड.

राष्ट्रीय पाहणीत याचं उत्तर मिळेल का? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचं गोव्याचं पत्रक उघडून बघ. पाचव्या फेरीत (२०१९-२१) अख्ख्या गोव्यातून १,८८० घरं आणि २,०३० स्त्रिया होत्या. कोणती गावं आणि प्रभाग घ्यायचे ते २०११ च्या जनगणनेच्या यादीवरून ठरलं. निवडलेल्या ठिकाणी घरांची यादी नव्याने करतात हे खरं, पण एवढ्या घरांत ठेकेदारांच्या खोल्या किती आल्या असतील, याचा विचार कर. त्या पत्रकात काही आकडे कंसात दिसतील, काही जागी आकडाच नाही, नुसता तारा. कंस म्हणजे तो आकडा २५ ते ४९ जणांवरून काढलेला आहे. तारा म्हणजे २५ पेक्षाही कमी, म्हणून आकडा छापलेलाच नाही. गोव्यात एका स्त्रीमागे सरासरी १.३ मुलं. मुलंच कमी, म्हणून मुलांबद्दलच्या रकान्यांत कंस आणि तारे जास्त. मी शिकवत असताना मुलं ते तारे ओलांडून पुढे जात. मी त्यांना थांबवून सांगायची, इथे तुमच्यासाठी जागा रिकामी ठेवली आहे. तुझ्या केंद्रातली कार्डं त्या ताऱ्यांच्या जागची आहेत.

आपलं राज्य चिमुकलं, आपलं कोण ऐकणार, हा संकोच गोव्याच्या मुलांमध्ये मी फार पाहिला आहे. तो टाकून दे. १.३ चा जननदर देशातल्या कमीत कमी दरांपैकी आहे. त्याच पाहणीत गोव्यातली ३९.५ टक्के बाळंतपणं सिझेरियनने झालेली दिसतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) मधुमेहावरच्या देशव्यापी अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ साली आले, त्यात गोवा २६.४ टक्क्यांनी सगळ्यांत वर होता आणि देशाची सरासरी ११.४ होती. देशभर आशाताई घरोघरी जातात, पण आपल्याकडे ती योजनाच आली नाही. ते काम एएनएम, म्हणजे केंद्राच्या परिचारिका, आणि अंगणवाडीच्या बाया करतात. म्हणून देशाच्या तक्त्यात आशांचा रकाना येतो तिथे गोवा दिसत नाही. हे असं का, आणि त्याने काय बिघडलं किंवा काय अडलं नाही, हे आपल्यापैकीच कुणीतरी नीट मांडायला हवं. जन्मनोंदीचंही तसंच. आपल्याकडे जन्म जिथे होतो तिथे नोंदला जातो, आई राहते तिथे नव्हे. महाराष्ट्रातल्या सावंतवाडी-दोडामार्गची बाई बांबोळीच्या सरकारी इस्पितळात बाळंत झाली की तो जन्म गोव्याच्या वहीत. नुसती नोंदणीची संख्या घेऊन जन्मदर काढशील तर बांबोळीच्या आसपास जणू मुलांचं पीकच आलं आहे असं वाटेल. हे आपल्या घरातल्या प्रत्येकाला माहीत असतं, पण दिल्लीत बसून तक्ता करणाऱ्याच्या ध्यानात येईलच असं नाही.

पण थांब. उद्या सकाळी केंद्रात जाऊन कार्डांचे फोटो काढायला लागू नकोस. तू तिथे कामाला आहेस म्हणून त्या नोंदी तुझ्या होत नाहीत. नाव, फोन नंबर, पत्ता असलेली एकही ओळ केंद्राबाहेर जाता कामा नये, तुझ्या फोनमध्येही नाही. आधी तुमच्या आरोग्य अधिकाऱ्यांशी बोल, काय बघायचं आहे ते एका पानावर लिहून दे आणि त्यांच्यामार्फत कांपालच्या आरोग्य संचालनालयाची लेखी परवानगी माग. शिवाय नैतिकता समितीची मंजुरी लागेल. ती एकट्या माणसाला मिळणं कठीण, म्हणून कुणीतरी मार्गदर्शक हवा. बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या जनआरोग्य विभागात जा, किंवा तुझ्या एम.ए.च्या प्राध्यापकांकडे. बायोडेटा नेऊ नकोस, तेच एक पान ने. "मला संशोधन करायचं आहे" म्हणून रोज कुणीतरी येत असतं. "दुसऱ्या राज्यातलं कार्ड घेऊन येणाऱ्या मुलांना गोवर-रुबेलाचा दुसरा डोस कोणत्या महिन्यात मिळतो?" असं विचारणारी पोर आली तर तिला खुर्ची देतात. यात चार-सहा महिने जातील. जाऊ देत.

त्या काळात वाच. २००८ साली गोव्याच्या स्थलांतराची एक मोठी पाहणी झाली होती. त्रिवेंद्रमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजच्या के. सी. झकारिया आणि एस. इरुदया राजन यांनी राज्य सरकारसाठी ती केली. केरळात १९९८ पासून ते हेच काम करत होते. आपला माणूस बाहेर किती जातो आणि घरी काय पाठवतो, हे मोजायचं कसं ते त्यातून कळेल. आत येणाऱ्यांबद्दलचे तुझे प्रश्नही त्यातून टोकदार होतील. राज्याचं नियोजन व सांख्यिकी संचालनालय जन्म-मृत्यूंचे वार्षिक अहवाल काढतं, ते तालुक्यानुसार बघ. केंद्र सरकारच्या नमुना पाहण्यांची कच्ची माहिती सांख्यिकी मंत्रालय फुकट देतं, नाव नोंदवलं की उतरवून घेता येते. तू अर्थशास्त्राची, तेव्हा तिला घाबरण्याचं कारण नाही.

आता परिषदांचं. तुझी तारीख हुकते कारण जाहिरात दिसल्यावर तू लिहायला बसतेस. या क्षेत्राला स्वतःचा ऋतू आहे, तो एकदा कळला की जाहिरातीची वाट बघावी लागत नाही. भारतातली लोकसंख्या अभ्यासकांची जुनी संघटना, इंडियन असोसिएशन फॉर द स्टडी ऑफ पॉप्युलेशन, दरवर्षी परिषद भरवते. तुझ्यासारखीने सुरुवात तिथून करावी. दर वर्षी गाव वेगळं, भाडं परवडण्याजोगं, आणि संशोधक विद्यार्थी भरपूर, त्यामुळे बुजायला होत नाही. आशियाई संघटनेची परिषद तीन वर्षांनी येते. मागची २०२४ च्या नोव्हेंबरात काठमांडूला झाली, म्हणजे त्या हिशेबाने पुढची २०२७ ची. लोकसंख्या अभ्यासकांची आंतरराष्ट्रीय संघटना, आययूएसएसपी, तिची परिषद चार वर्षांनी भरते. २०२१ ची हैदराबादला व्हायची होती, ती कोविडमुळे ऑनलाइन करावी लागली आणि २०२५ ची ब्रिस्बेनला झाली. या मोठ्या परिषदांचे सारांश बहुधा आठ-दहा महिने आधी मागवतात. अमेरिकेतल्या संघटनेची वसंतात असते, तिचे सारांश आदल्या सप्टेंबरच्या सुमारास. म्हणजे चवथ संपून घरची गडबड उरकते, तो या लोकांचा लिहायचा मोसम. तोवर तुझा तक्ता तयार पाहिजे.

सारांश म्हणजे दोनशेच्या आसपास शब्द. काही ठिकाणी त्याला दोन-चार पानांची जोडही मागतात. आधी मराठीतच लिही. इंग्रजीची भीती वाटते म्हणून आपण सुरुवात "आरोग्य हा मानवाचा मूलभूत हक्क आहे" अशा वाक्याने करतो आणि पन्नास शब्द वाया घालवतो. पहिल्या वाक्यात प्रश्न, दुसऱ्यात कुठली नोंद आणि किती मुलं, मग जे दिसलं ते आकड्यासकट, शेवटी त्यात काय दिसत नाही. तो शेवटचा भाग चोरू नकोस. सोडून गेलेली मुलं तुझ्या नोंदीत नाहीत, हे तू स्वतः लिहिलंस तर वाचणाऱ्याचा तुझ्यावर विश्वास बसतो. मराठीत वाक्य उभं राहिलं की इंग्रजी करायला एक संध्याकाळ पुरते.

पहिल्या वर्षी भाषणाऐवजी पोस्टर मिळालं, म्हणजे आपलं काम मोठ्या कागदावर मांडून त्याशेजारी उभं राहायचं, तर नाराज होऊ नकोस. भाषणाला बारा मिनिटं मिळतात आणि मागून कुणी घंटा वाजवतं. पोस्टरसमोर मात्र माणूस थांबतो, बोट ठेवून विचारतो. माझी आयुष्यभराची दोन माणसं मला पोस्टरसमोर भेटली.

पुढचं शिक्षण हवं असेल तर मुंबईला, देवनारची इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट फॉर पॉप्युलेशन सायन्सेस. १९५६ सालची संस्था, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी तिथूनच चालते. एम.ए., एम.एस्सी. आणि पीएच.डी. तिन्ही आहेत, शासनाची विद्यार्थिवृत्तीही असते. जागा, अटी आणि प्रवेशाची रीत त्या त्या वर्षीच्या जाहिरातीत नीट वाच, कारण ती बदलते. तिथे चर्चासत्रंही होतात, एखाद्याला श्रोता म्हणून जाऊन ये. कोकणकन्येने जाणार असशील तर सीएसएमटीपर्यंत कशाला, पनवेलला उतर आणि हार्बरची गाडी धर, ती थेट गोवंडीला सोडते. तिथून पदवी घेतलीस तर नेटमध्ये, म्हणजे प्राध्यापकीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत, पॉप्युलेशन स्टडीज हा स्वतंत्र विषय आहे. त्यातून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर महिना ३७,००० रुपये. हा आकडा बाबांना सांग.

मुंबई लांब वाटत असेल तर धारवाड आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची देशात १८ लोकसंख्या संशोधन केंद्रं आहेत. गोव्यात एकही नाही, पण धारवाडला आहे आणि पुण्याला गोखले संस्थेत आहे. तुझी कार्डं ज्या जिल्ह्यांतून येतात, त्या जिल्ह्यांवर धारवाडची माणसं काम करतात. त्यांना तुझा प्रश्न आपलाच वाटेल. अनमोडच्या घाटापलीकडचं, कर्नाटकातलं कार्ड आणि अलीकडचं कार्ड शेजारी ठेवता आलं तर काय बहार होईल, मला तर आत्ताच हुरूप आला आहे.

आणि घराजवळचं विसरू नकोस. पर्वरीची 'संगात' ही संस्था १९९६ पासून गोव्यात काम करते. त्यांनी आपल्याच आरोग्य केंद्रांतून एक चाचणी केली. डॉक्टर नसलेल्या, इथल्याच बायांना प्रशिक्षण देऊन त्यांनी नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांना समुपदेशन दिलं तर फरक पडतो का, हे त्यांनी तपासलं. सरकारी केंद्रांत फरक पडला. २०१० साली ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलं आणि जगभर वाचलं गेलं. तुझ्यासारख्याच केंद्रांतून, औषधाच्या खिडकीसमोरच्या त्याच बाकांवर बसलेल्या माणसांकडून ते आलं होतं. तिथे क्षेत्रकामाच्या जागा निघतात, त्यांच्यावर लक्ष ठेव. सहा महिने घरोघरी जाऊन प्रश्नावली भरलीस की जे हाताला लागतं ते कुठल्या कार्यशाळेत मिळत नाही.

जनगणनाही दारात आहे. २०११ नंतर पहिलीच, संदर्भाची तारीख १ मार्च २०२७. जन्मठिकाण, आधीचं राहण्याचं ठिकाण, स्थलांतराचं कारण हे जनगणनेत विचारतातच. ते आकडे बाहेर येतील तेव्हा आपल्या तालुक्याबद्दल नेमकं काय विचारायचं हे आधीपासून ज्याच्याकडे तयार असेल, त्याला पुढची दहा वर्षं काम पुरेल. तेव्हा २६ म्हणजे उशीर नाही. तू बरोबर वेळेवर आली आहेस.

बाबांवर रागावू नकोस. अडीचशे डॉलरची ती मागणी त्यांनी ओळखली, तू नाही ओळखलीस. त्यांना बसवून हिशेब दाखव. पहिलं वर्ष खर्च जवळजवळ नाही, नोकरी चालू, कागदोपत्री परवानग्या आणि वाचन. दुसऱ्या वर्षी देशातली एक परिषद, रेल्वेचं तिकीट आणि विद्यार्थी-सवलत असेल तर ते शुल्क. परदेशाचं जे काही असेल ते प्रवासखर्च मिळाला तरच. अशा मदतीसाठी वेगळा अर्ज असतो आणि तोही आधीच करायचा असतो. बँकेच्या परीक्षेलाही बस, त्यांचं मन राहील आणि आकडेमोडीचा सराव होईल. मात्र मुदत दोघांनी मिळून ठरवा. दोन वर्षं म्हण.

तर या आठवड्यात एवढंच कर. वहीचं एक पान आडवं धर आणि पाच रकाने आख: मुलाचं महिन्यांतलं वय, कार्ड कुठल्या राज्यातलं, पत्ता किती वेळा बदलला, शेवटचा डोस कोणता, पुढच्याला आलं की नाही. नाव नको, नंबर नको, खरी नोंदही एक नको. पाच मुलं मनाने रचून भर. भरताना कुठल्या रकान्यात पेन अडखळतो ते बघ. बहुतेक पाचव्यात अडखळेल. ते पान घेऊन आरोग्य अधिकाऱ्यांकडे जा, आणि ते काय म्हणाले ते मला कळव.

तुझी,
बाई